दौऱ्याचे काम आणि रायडरचे कागद

मराठी रसिकांना कोलकात्याचे डमडम ठाऊक आहे ते १९२८ साली तेथे सुरू झालेल्या ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यामुळे. परंतु संगीताच्या धंद्यातील मोठी उलाढाल आता तबकडीकडून मैदानाकडे वळली आहे, आणि रंगमंच, ध्वनिक्षेपक, दिवे व जनित्रे भाड्याने पुरविणारे व्यावसायिक, म्हणजेच रोजच्या बोलण्यातील साउंडवाले, लाइटवाले आणि मंडपवाले, मोठ्या दौऱ्याचे काम कसे मिळवतात, हे पाहण्यासारखे आहे.

कॅनडाचे गायक ब्रायन अ‍ॅडम्स यांच्या भारत दौऱ्याची सुरुवात ८ डिसेंबर २०२४ रोजी डमडम विमानतळापासून फारशा दूर नसलेल्या अ‍ॅक्वाटिका या जलक्रीडा उद्यानाच्या मैदानावर झाली. पुढे शिलाँग झाल्यावर १२ तारखेला गुरुग्राम, १३ला मुंबई आणि १४ला बंगळूर असा क्रम होता. गुरुग्राम ते मुंबई हे अंतर सुमारे १४०० किलोमीटर असल्याने आदल्या रात्री उतरवलेला रंगमंच ट्रकने नेऊन दुसऱ्या संध्याकाळी उभा करणे अशक्यच असते. अशा वेळी कलाकाराची वाद्ये आणि तंत्रज्ञ विमानाने जातात, अवजड सामान मात्र त्या त्या शहरातून घेतले जाते, किंवा एकाच पुरवठादाराचे दोन-तीन संच आलटूनपालटून पुढे धाडले जातात. ज्याच्याकडे दुसरा संच तयार असतो त्याचे पारडे येथेच जड होते.

मागणी ठरते ती ‘रायडर’ने. रायडर म्हणजे कलाकाराच्या करारास जोडलेले परिशिष्ट. कोणत्या कंपनीचे ध्वनिक्षेपक व मिक्सर चालतील, वीज किती लागेल, छताने किती भार पेलावा, हे त्यात लिहिलेले असते. बिल स्थानिक आयोजक भरतो, पण सामान नाकारण्याचा अधिकार दौऱ्याच्या प्रॉडक्शन मॅनेजरकडे, म्हणजे कलाकाराच्या वतीने सर्व तांत्रिक व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे असतो, त्यामुळे सर्वांत कमी दराने आयोजक खूश झाला तरी काम हाती येतेच असे नाही. ‘त्याच तोडीचे सामान देऊ’ एवढेच लिहून कळवणारा नवखा साउंडवाला येथे हमखास मागे पडतो. मुरलेला पुरवठादार सामानाची यादी, मैदानाचा मोजमापासह नकाशा आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज किती पोहोचेल याचा संगणकावर काढलेला आलेख दरपत्रकासोबत जोडतो. एल-अकूस्टिक्स कंपनीचा के-१ हा ध्वनिक्षेपक १०६ किलो वजनाचा असतो. तसे १२ एका बाजूला टांगले तर साखळ्या आणि मोटारी सोडूनच सव्वा टनाहून अधिक भार होतो, म्हणून ट्रसच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या जाळीदार धातूच्या तुळईच्या, क्षमतेचे अभियंत्याच्या सहीचे प्रमाणपत्र मागितले जाते. युनेस्कोने २०२१ साली वारशाच्या यादीत घेतलेल्या दुर्गापूजेचे मांडव उभारणाऱ्या कोलकात्याच्या डेकोरेटरांचे बांबूवरील कसब वादातीत आहे, तरी प्रॉडक्शन मॅनेजर आधी कागद पाहतो; हे कारागिराला अन्यायाचे वाटले, तरी माणसांच्या डोक्यावर टांगायच्या वजनाबाबत ते योग्यच म्हटले पाहिजे.

ओळखीनेही काम मिळते, आणि त्यात वावगे काही नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील क्लेअर बंधूंनी १९६६ साली एका महाविद्यालयातील कार्यक्रमात ‘फोर सीझन्स’ या गायकवृंदाला ध्वनिव्यवस्था पुरविली, आणि ती इतकी पसंत पडली की त्या वृंदाने त्यांना सामानासह दौऱ्यावरच नेले. पुढे त्यातूनच जगातील एक आघाडीची ध्वनिपुरवठा संस्था उभी राहिली. आपल्याकडेही पाहुण्या ध्वनि-अभियंत्याचा एक कार्यक्रम बिनबोभाट पार पडला, तर पुढच्या खेपेस तोच आयोजकाला नाव सुचवतो.

पैशाची बाजू त्या मानाने रूक्ष आहे: सामान महागडे, त्याचे हप्ते दरमहा ठरलेले आणि आयोजकाकडील वसुली लांबणारी, म्हणून आगाऊ रकमेची अट दरपत्रकातच असावी. पहिल्या दौऱ्याची चौकशी आलेल्या पुरवठादाराने दर सांगण्याआधी रायडर शेवटच्या पानापर्यंत वाचावा, आणि जे सामान आपल्याकडे नाही, ते नाही असे त्याच दिवशी लेखी कळवावे.