सुपरचार्जरचे दुखणे

चढ लागला की गाडी तापावी, हे जुन्या मोटारीच्या मालकाला नवे नसते. रेडिएटर धुवावा, त्यातले पाणी बदलावे, पंखा फिरतो की नाही ते पाहावे आणि पुढे निघावे, असा त्याचा परिपाठच असतो. परंतु इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या काउली कारखान्यात तयार होऊन 2002 साली बाजारात आलेल्या मिनी कूपर एस या छोट्या गाडीच्या बाबतीत हा परिपाठ पुष्कळांना महागात पडला आहे. या गाडीच्या तापण्याचे मूळ कित्येकदा रेडिएटरात नसते, पंख्यातही नसते. ते असते सुपरचार्जरच्या मागल्या टोकाला, मुठीत मावतील एवढ्या दातेरी चाकांत. दुखणे एका अवयवाचे आणि ताप सगळ्या देहाला, असा हा प्रकार आहे.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनात बळेच हवा कोंबणारे यंत्र. इंजिनाची शक्ती त्यात किती इंधन जळते यावर अवलंबून असते, आणि इंधन किती जळावे हे आत येणाऱ्या हवेवर ठरते. साधे इंजिन आपल्या दट्ट्यांच्या ओढीने जेवढी हवा घेईल तेवढीच त्याला मिळते. तिच्यात भर घालण्यासाठी जी युक्ती योजतात ती मोटारीहूनही जुनी आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल या गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी 1860 साली तिचे पेटंट घेतले. पुढे हा भाता लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालण्याच्या आणि खाणींत हवा खेळती ठेवण्याच्या कामी आला. मर्सिडीजने 1921 साली बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर लावलेल्या गाड्या मांडल्या, तेव्हा ही युक्ती विक्रीच्या मोटारीत आली.

रूट्सचे यंत्र समजून घ्यायचे तर विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढे आणावा. रहाटाची गाडगी पाणी दाबत नाहीत. ती फक्त एका ठिकाणचे पाणी दुसऱ्या ठिकाणी नेऊन ओततात. रूट्सच्या पेटीत दोन पिळदार फिरते एकमेकांत गुंतल्यासारखे उलटसुलट फिरतात आणि त्यांच्या खळग्यांत सापडलेली हवा पेटीच्या भिंतीलगत पलीकडे नेऊन टाकतात. पाट जेवढे पाणी वाहून नेऊ शकतो त्याहून अधिक ओतले की ते साठून वर चढते. त्याचप्रमाणे इंजिन घेऊ शकते त्याहून अधिक हवा त्याच्या दारात साठली की तिचा दाब वाढतो. मिनीच्या सुपरचार्जरचे नाव ईटन एम 45. त्यातला 45 हा आकडा एका फेऱ्यात सरकवल्या जाणाऱ्या हवेचा, घन इंचांत मोजलेला; म्हणजे पाऊण लिटरला किंचित कमी. 1.6 लिटरचे इंजिन एका फेऱ्यात 0.8 लिटर हवा घेते, आणि तेवढ्यात सुपरचार्जर सुमारे दोन फेरे करून दीड लिटरच्या आसपास हवा पुढे लोटतो. त्यामुळेच सुपरचार्जर नसलेल्या मिनी कूपरची शक्ती 115 अश्वशक्तींच्या आसपास, तर कूपर एसची आरंभी 163.

हे दोन फिरते एकमेकांना स्पर्श करीत नाहीत. त्यांच्यामधील फट केसासारखी असते आणि ती राखण्याचे काम पुढल्या टोकाची जोडदार दातेरी चाके करतात. या चाकांना वंगण लागते. मिनीच्या रचनाकारांनी जागेच्या काटकसरीसाठी आणखी एक गोष्ट केली: इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप सुपरचार्जरच्या मागल्या टोकाला जोडून त्याच्याच दातेरी चाकांवर फिरवला. तिथेही वंगणाचे एक छोटेसे कोठार आले. दोन्ही कोठारांतील वंगण मिळून पेलाभराहूनही कमी. ते बदलण्याची गरज नाही, कारखान्यातून भरलेले वंगण यंत्राच्या आयुष्यभर पुरेल, अशी व्यवस्था होती.

आता, आयुष्यभर म्हणजे कोणाच्या आयुष्यभर? पहिल्या मालकाच्या पाच-सात वर्षांचा हिशेब धरला तर हे विधान खोटे नव्हते. परंतु गाडी हात बदलते. तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे जाते. वीस वर्षे उलटली तरी कोणाच्या तरी मायेने चालत राहते. त्या काळात इंजिनाच्या धगीने वंगण विटते, सीलमधून थोडे थोडे झिरपते. मागल्या कोठारात ते मुळातच थोडे, म्हणून पुढल्या कोठारात वंगण शिल्लक असतानाही मागले कोरडे पडलेले असू शकते. कोरडे दाते दात्यांवर घासतात, झिजून धारदार होतात आणि एके दिवशी नुसतेच निसटू लागतात. पट्टा फिरतो, सुपरचार्जर फिरतो, हवा भरपूर मिळते, गाडी नेहमीच्या जोमाने पळते. थांबतो तो फक्त पाण्याचा पंप.

म्हणूनच निदान फसते. गाडीचा जोर गेला असता तर सुपरचार्जरकडे बोट दाखवणे सोपे होते. खरे तर जोर कमी होतो तेव्हा तो बहुधा निर्दोष असतो. पट्टा सैल पडलेला असतो. किंवा क्रँकवरील पुलीच्या दोन कड्यांमधले रबर सुटून बाहेरचे कडे नुसतेच घसरत असते. किंवा हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी जोडांतून दाब निसटत असतो. किंवा वळणमार्गाची झडप उघडी अडकल्याने हवा गोल गोल फिरत राहते. यांची तपासणी तासाभरात होते आणि ती आधी न करता सुपरचार्जर उतरवणे हा उतावळेपणा होय.

गाडी तापते तेव्हा मात्र मिस्त्रीचा पहिला संशय पंख्यावर जातो, आणि तोही अकारण नव्हे. कमी वेगाने पंखा फिरवणारा रोधक जळणे हा या गाडीचा दुसरा प्रसिद्ध दोष आहे. रोधक बदलला जातो, मग थर्मोस्टॅट बदलला जातो, मग रेडिएटर. प्रत्येक उपायानंतर गाडी थोडी चालवून पाहिली जाते, आणि या चालवून पाहण्यातच घात असतो. या इंजिनाचा ठोकळा बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. पाणी फिरले नाही तर दोन्ही धातू कमीअधिक प्रसरण पावतात, हेड वाकते आणि गॅस्केट फुटते. मग दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या वर जातो आणि एरवी धडधाकट असलेली गाडी भंगारात निघते.

जाणता कारागीर सुटे भाग मागवण्याआधी एक साधी गोष्ट करतो. तो गाडीतला हीटर लावतो. इंजिन भाजण्याइतके तापले आहे, पाणी भरलेले आहे, आणि तरीही हीटरमधून गार वारा येतो, याचा अर्थ गरम पाणी हीटरपर्यंत पोचतच नाही. वाटेत हवा कोंडली असेल तरीही असे होते, म्हणून ती आधी काढून टाकायची. त्यानंतरही वारा गारच राहिला, तर संशय पंपावर स्थिर होतो.

मग कानाचे काम. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक सुपरचार्जरच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून ऐकायचे. या यंत्राची शीळ ही त्याची प्रकृतीच आहे. पुष्कळ मालकांनी गाडी घेतली ती त्या शिळेवर भाळून. इंजिन संथ चालू असताना डबीत खडे हलवल्यासारखा खडखडाट मात्र वेगळा. तो पुढच्या अंगाला असेल तर बेअरिंग पाहावे, मागच्या अंगाला असेल तर पंपाची चाके. शेवटी इंजिन बंद करून, पट्टा काढून पुली हाताने फिरवून आणि हलवून बघायची. ती जड आणि एकसारखी फिरावी. खरखर नको, आडवी ढिलाई नको.

सुपरचार्जर बाहेर काढणे हे चिकाटीचे काम आहे. गाडीचे नाक उतरवून रेडिएटरची चौकट पुढे ओढावी लागते, तेव्हा कुठे हात आत जातो. मागल्या कोठाराचे बूच उघडले की बहुधा काही वाहत नाही. काळा चिखल आणि नाक मुरडायला लावणारी दुर्गंधी तेवढी बाहेर येते. पंप सोडवला की दाते दिसतात, किंवा दाते होते ती जागा दिसते. चाके, पंप, सील आणि ओ-रिंग नवे घालणे हे यापुढचे सरळ काम. पुढल्या बाजूची जोडदार चाके मात्र कारणावाचून हलवू नयेत. त्यांचा मेळ एका दात्याने जरी चुकला तरी केसाची फट बुजते आणि फिरते एकमेकांवर आपटतात. त्यांची बेअरिंगे गेली असतील तर दाबयंत्र आणि मापे असलेल्या कार्यशाळेकडेच यंत्र सोपवावे.

वंगण भरताना उदारपणा नको. हे वंगण सुपरचार्जरसाठीच बनवलेले असते. हाताशी असलेले गिअरचे तेल चालणार नाही. अधिक भरले तर ते घुसळून फेसाळते, तापते आणि सील फोडून बाहेर पडते. यंत्र टेबलावर समपातळीत ठेवून, ठरलेल्या मापाने, थेंब निथळू देत भरायचे. आणि गाडी पूर्वी कधी फार तापली असेल, तर सगळे परत जोडण्यापूर्वी हेडची तपासणी करून घ्यायची. ती टाळली तर नव्या पंपाने वाकलेल्या हेडलाच पाणी पुरवायचे.

जोडणी झाली, पाणी भरले, कोंडलेली हवा काढली की इंजिन सुरू करून उभ्या जागीच तापू द्यायचे. कारागीर तोपर्यंत गाडी रस्त्यावर नेत नाही. तो आत बसतो, हीटरची कळ पूर्ण फिरवतो आणि तळहात झरोक्यापुढे धरून थांबतो. आधी गार, मग कोमट, आणि थोड्या वेळाने हात मागे घ्यावा लागेल इतका कढत वारा येऊ लागला, की तो कळ बंद करून गाडी बाहेर काढतो.