चालत्या धंद्याचा पुनर्विचार

चाळीसगावात एके काळी घरोघर घड्याळ असण्याची फारशी आवश्यकता नव्हती. श्री लक्ष्मीनारायण मिलचा भोंगा झाला की पाळी सुरू झाली, पुन्हा झाला की पाळी सुटली. आणि त्या दोन भोंग्यांच्या दरम्यान गावचा बाजार, गृहिणींचा स्वयंपाक व वाण्याची उधारी ही सर्व बसविलेली असत. खानदेशात अशी गावे आणखीही होती. जळगावास खानदेश मिल होती, अमळनेरास प्रताप मिल होती, धुळ्यास न्यू प्रताप मिल होती. कपाशीचे शेत शेजारी, आगगाडी दाराशी, आणि जाडेभरडे कापड घेणारे गिऱ्हाईक आसपासच्या प्रत्येक खेड्यात. इतकी अनुकूलता असता हा धंदा कधी काळी बसेल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. आज यांपैकी एकही भोंगा वाजत नाही. जळगावच्या मिलच्या जागेवर दुकानांचे संकुल उभे आहे. चाळीसगावची मिल 1974 साली सरकारने ताब्यात घेतलेल्या 103 आजारी गिरण्यांच्या यादीत गेली आणि पुढे तीही बंद पडली.

या गिरण्या का बुडाल्या हे सांगताना मालकांच्या माथी सर्व दोष मारणे न्यायाचे होणार नाही. गिरण्यांनी मागांची संख्या वाढवू नये असे सरकारी धोरण 1956 पासून होते. गिरणीच्या कापडावर कराचा बोजा होता. आणि मालेगाव, भिवंडी, धुळे येथील यंत्रमागवाला तेच कापड कमी खर्चात विणून बाजारात आणीत होता. पुढे कृत्रिम धाग्याचे कापड आले. ते लवकर वाळते, इस्त्री मागत नाही आणि टिकते, म्हणून खेड्यातल्या माणसानेही ते आपलेसे केले. हे सर्व खरे. तथापि ही संकटे काही एका रात्रीत कोसळली नाहीत. ती वीस-पंचवीस वर्षे पावलापावलाने येत होती, आणि त्या वीस वर्षांत बरी वर्षेही पुष्कळ गेली. नफा झाला त्या वर्षी जुना माग बदलावा, दुसरे काही विणून पाहावे, निदान आपले गिऱ्हाईक कोठे चालले आहे हे पाहावे, असा विचार व्हावयास हवा होता. परंतु चालत्या गाडीस खीळ कोण घालणार? पैसा नसतो तेव्हा विचार करण्यास सवड असते पण साधन नसते; पैसा असतो तेव्हा साधन असते पण गरज भासत नाही. यशस्वी कंपनीची खरी अडचण ही आहे.

ही अडचण सुटते कशी, याचे उदाहरण शोधण्यास विलायतेस जाण्याचे कारण नाही. ज्या अमळनेरात प्रताप मिल होती, त्याच अमळनेरात ते आहे.

29 डिसेंबर 1945 रोजी मुंबईचे तांदळाचे व्यापारी महंमद हुसेन हशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ या नावाची कंपनी काढली आणि तिचा कारखाना अमळनेरास घातला. खानदेशात भुईमूग पिकत होता आणि ताप्ती व्हॅली रेल्वेचे स्टेशन गावातच होते. माल एकच, वनस्पती तूप. शेंगदाण्याच्या तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन वायू मिसळला की ते तेल थिजून तुपासारखे घट्ट होते. खऱ्या तुपाहून ते पुष्कळ स्वस्त पडते. ज्या घरांत तूप केवळ सणावारी दिसे, त्या घरांत रोजच्या फोडणीस घन स्निग्ध पदार्थ आला, तो असा. या मालाविषयी लोकांच्या मनात संशय मात्र कायमचा राहिला. वनस्पतीत शेकडा 5 तिळाचे तेल घातलेच पाहिजे असा सरकारी नियम होता, आणि तो अशासाठी की तुपात तिची भेसळ कोणी केल्यास तिळाच्या तेलाच्या खुणेवरून ती पकडता यावी! स्वतःच्या मालात चोर ओळखण्याची खूण स्वतःच घालावयाची, असा हा धंदा होता. पण तो चालला. तेल शुद्ध करताना जो गाळ निघे, त्याचा कपडे धुण्याचा साबण होई. तो ‘787’ या आकड्याच्या नावाने विकला जाई.

1966 सालच्या ऑगस्टात प्रेमजी एकाएकी वारले. त्यांचे पुत्र अझीम त्या वेळी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होते. वय अवघे एकवीस वर्षांचे. शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. त्या पहिल्याच वर्षी भागधारकांच्या सभेत एका गृहस्थाने उठून, या पोरवयात कंपनी चालविणे तुम्हांस झेपणार नाही, तुमचे भाग कोणा जाणत्यास विकून टाका, असा उपदेश भर सभेत केला. उपदेश करणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. कंपनीत त्याचा पैसा होता, आणि पैसा भित्रा असतो.

तरुण प्रेमजींनी प्रथम धंदा बदलला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी आधी आहे तोच धंदा नीट पाहिला. डबेच्या डबे घाऊक व्यापाऱ्याच्या गळ्यात घालून मोकळे होण्याची पद्धत होती. ती बदलून लहान पुडे काढून माल थेट किरकोळ दुकानदाराकडे पाठविण्यास आरंभ झाला. खरेदीत अंदाजाच्या जागी मोजमाप आले. ही कामे दिसावयास क्षुल्लक वाटतात, परंतु त्यांमुळे कंपनीस एक गोष्ट कळली. आपणांस केवळ तेल थिजविता येते असे नाही. हिशेब ठेवता येतो, माणसे निवडता येतात, माल गावोगाव पोचविता येतो. ज्यास हे येते त्याने वनस्पतीपाशीच का थांबावे? 1975 च्या सुमारास कंपनीने यंत्रांत लागणारी, तेलाच्या दाबावर चालणारी सिलिंडरे बनविण्यास घेतली. तुपाच्या डब्याचा आणि या सिलिंडराचा संबंध काय, असे विचारणाऱ्यास त्या काळी समाधानकारक उत्तर देणे कठीणच गेले असेल. 1977 साली कंपनीच्या नावातून ‘व्हेजिटेबल’ हा शब्द गळाला आणि ‘विप्रो’ हे आद्याक्षरांचे नाव आले. नावातून मालाचे नाव काढून टाकणे हीदेखील एक प्रकारची प्रतिज्ञाच म्हटली पाहिजे.

त्यानंतर जे घडले ते सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगितले तरी चालेल. परकीय कंपन्यांनी येथील व्यवसायातील आपला वाटा शेकडा 40 पर्यंत उतरवावा, या कायद्याच्या अटीमुळे आय.बी.एम. ही बलाढ्य अमेरिकन कंपनी 1978 साली हिंदुस्थान सोडून गेली. संगणकाच्या बाजारात जागा रिकामी झाली. त्या जागेत विप्रोने 1980-81 च्या सुमारास पाऊल टाकले आणि स्वतःचे संगणक बनविण्यास प्रारंभ केला. दहा वर्षे तो धंदा चांगला चालला. इतक्यात 1991 साली देशाचे आर्थिक धोरण पालटले, परदेशी यंत्रे पुन्हा येऊ लागली, आणि ज्या भिंतीच्या आडोशाने हा धंदा वाढला होता ती भिंतच खचली. येथे लक्ष्मीनारायण मिलची आठवण व्हावी. प्रसंग तोच होता. स्वस्त व सुबक परका माल दारात येऊन ठेपला होता. विप्रोने या वेळी असे पाहिले की यंत्रे आपली मागे पडतील, परंतु ती यंत्रे रचणारे अभियंते आपल्यापाशी आहेत. त्या अभियंत्यांची बुद्धीच परदेशी कंपन्यांस विकावी, असे ठरले. आज्ञावली लिहून देण्याचा हा धंदा इतका वाढला की 2000 साली न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात कंपनीची नोंदणी झाली. 2013 साली तर साबण, दिवे, सिलिंडरे हे सर्व जुने व्यवसाय मूळ कंपनीपासून वेगळे काढण्यात आले. ज्या मालासाठी कंपनी जन्मली तोच तिच्या घराबाहेर राहू लागला.

आणि वनस्पतीचे काय झाले? तेल थिजविताना त्यात ‘ट्रान्स’ जातीची मेदाम्ले उत्पन्न होतात व ती हृदयास अपायकारक असतात, हे संशोधनाने सिद्ध झाले. जानेवारी 2022 पासून खाद्यतेलांत व वनस्पतीत त्यांचे प्रमाण शेकडा 2 च्या वर असू नये असा नियम सरकारने केला. अर्थात 1966 साली हे कोणासच ठाऊक नव्हते. वनस्पती सोडण्याचे कारण म्हणून कोणी ते पुढे केले असते तर लोक हसले असते.

या कथेस एक दुसरी बाजू आहे आणि ती सोयीस्करपणे वगळली जाते. कंपनी पुनर्विचार करून बंगळूरास गेली. अमळनेर गाव काही बंगळूरास जाऊ शकत नाही. अमळनेरच्या कारखान्यात आज साबण होतो, त्यावर काही घरे चालतात. शिवाय ज्या जुन्या कुटुंबांनी कंपनीचे भाग विकले नाहीत, त्यांस लक्ष्मी प्रसन्न झाली, हेही खरे. परंतु भाग राखून ठेवण्याइतकी ऐपत ज्याच्या घरी होती त्याचेच हे भाग्य. हमालास आणि बॉयलरवरच्या माणसास भाग कोठून मिळणार? कंपनी जगली तर गाव जगतेच असे नाही. कंपनी बुडाली तर मात्र गाव बुडते, हे चाळीसगावास विचारावे.

गाव न सोडता पुनर्विचार करता येतो की नाही, हे जळगावच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगात पाहावयास मिळते. जामनेर तालुक्यातील वाकोदचे हे गृहस्थ कायद्याचे पदवीधर होते. 1963 साली घरातील 7,000 रुपयांच्या पुंजीवर त्यांनी रॉकेलचा व्यापार सुरू केला. पुढे खते, बियाणी, औषधे, ट्रॅक्टर, जे जे शेतकऱ्यास लागेल त्याची एजन्सी घेतली. 1978 साली केळीची भुकटी करणारा एक बंद कारखाना त्यांनी लिलावात 30 लाख रुपयांस घेतला. केळी तर जळगावचे वैभव. पण भुकटी परवडत नाही हे पाहून त्याच यंत्रशाळेत त्यांनी कच्च्या पपईच्या चिकापासून पपेन हा औषधी व खाद्य उद्योगास लागणारा पदार्थ काढला व तो परदेशी पाठविला. मग प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या, आणि त्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस इस्रायलच्या धर्तीवरील ठिबक सिंचन. माल दर खेपेस नवा होता, पण गिऱ्हाईक तेच. शेतकऱ्यास आता पुढे काय लागेल, एवढा एकच प्रश्न त्यांनी धरून ठेवला होता.

तो प्रश्न सुटला तेव्हा ठेचही लागली. 1990 नंतरच्या भरभराटीत या उद्योगाने सावकारी, संगणक, ग्रॅनाइटचा दगड असल्या व्यवसायांत पैसा घातला आणि तो बुडाला. नवल असे की त्याच दशकात विप्रोनेही सावकारीचा एक उपव्यवसाय काढला होता आणि तोही गुंडाळावा लागला. जैन यांनी आपली चूक उघडपणे मान्य केली, नको ते व्यवसाय सोडले आणि ते पुन्हा पाण्याकडे वळले. 2016 साली ते निवर्तले. त्यानंतर कंपनीवरील कर्ज अनावर झाले. ठिबकवरील सरकारी अनुदानाची रक्कम वेळेवर हाती येत नसे, विकलेल्या मालाचे पैसे अडकून पडत, आणि परदेशांत कंपन्या विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र वेळेवर चढत असे. अखेर सावकारांशी तडजोड करावी लागली आणि 2023 साली परदेशातील सिंचनाचा व्यवसाय रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन करण्यात आला. आवडता धंदा, नावाजलेला माल, शेतकऱ्याचा विश्वास, सर्व असूनही पैसे कोणाकडून व केव्हा येणार, या एका बाबीचा विचार कमी पडला. पुनर्विचार म्हणजे नेहमी नवा माल शोधणे नव्हे. कित्येकदा तो जुन्या खतावणीतच करावा लागतो.

इकडे बंगळूरास विप्रोची सूत्रे 2019 साली अझीम प्रेमजी यांचे पुत्र रिशद यांच्याकडे आली. जी आज्ञावली लिहिण्यासाठी हजारो अभियंते ठेवले, ती आता यंत्रच स्वतः लिहू लागले आहे. अभियंत्याच्या तासांच्या हिशेबाने पैसे घेणाऱ्या धंद्यात, यंत्राने ते काम घटकाभरात केले तर बिल कशाचे करावयाचे, हा प्रश्न त्या कचेरीत आज टेबलावर आहे. कंपनीचे उत्पन्न अजून मोठे आहे आणि नफाही होत आहे. अमळनेरच्या ज्या घरांत जुने भाग अद्याप जपून ठेवलेले आहेत, त्या घरांनी या प्रश्नाचे उत्तर येत्या वार्षिक सभेत विचारावयास हरकत नाही. 1966 साली एका भागधारकाने विचारले होतेच.