मुलांच्या प्रश्नांना उत्तर द्या



बक्षिसं मिळालेल्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत, त्यांनीही आज स्टेज गाजवलं. आता थोडं पालकांशी बोलतो, मुलांनीही ऐकावं.

आपली पिंपरी नाना ठिकाणच्या माणसांनी वाढवली. मूळ गावकरी होतेच. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथल्या कॅम्पात आली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे टेल्को आली, बजाज आली. त्यांच्यामागे मराठवाडा, खानदेश, विदर्भातून आणि नंतर बिहार, ओडिशातून माणसं पोटासाठी आली. त्या सगळ्यांची लेकरं आज एका बाकावर बसतात. रंग, भाषा, डब्यातली भाजी, सगळं वेगळं. मूल ते टिपणारच आणि विचारणारच.

बसमध्ये मूल मोठ्यांदा विचारतं, "आई, तो दादा इतका काळा का?" आई ओशाळते, दंड धरून म्हणते, "गप्प बस!" मूल गप्प बसतं, पण काळं असणं ही काहीतरी वाईट गोष्ट आहे, एवढं त्या क्षणी शिकतं. त्यापेक्षा सांगा, "आपल्या सगळ्यांच्या कातडीत मेलॅनिन नावाचं द्रव्य असतं. कुणाच्या जास्त, कुणाच्या कमी. उन्हापासून ते आपल्याला जपतं." चार वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं.

आणि आपलं वागणंही तपासा. नाटकात राजकन्या गोरी आणि राक्षस सावळा, ही निवड मोठी माणसं करतात. मुलाचा मित्र घरी आला की पाणी विचारण्याआधी आपण त्याचं आडनाव विचारतो. का विचारतो, हे मुलांना लवकर कळतं.

मग एक दिवस प्रश्न येतो, "जात म्हणजे काय?" तो टाळू नका. साताऱ्याच्या शाळेतल्या छोट्या भीमरावाची, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांची, गोष्ट सांगा. वर्गात बसायला त्याला घरून गोणपाट न्यावं लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई नसला तर पाणी नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तो त्या शाळेत दाखल झाला, म्हणून आपण तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. याच मुलानं मोठेपणी देशाची घटना घडवली आणि तिच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता बंद केली. मूल विचारेल, "त्याला पाणी का दिलं नाही?" तेव्हा स्पष्ट सांगा: मोठ्यांनी अन्याय केला, आणि तो अजून पुरता संपलेला नाही.

मुलांना हे झेपणार नाही, असं समजू नका. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीनं महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. जे शाळकरी मुलगी लिहू शकली, ते आपल्या मुलांना ऐकता येणार नाही का? जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. सातासमुद्रापलीकडचा अन्याय आणि आपल्या गावातला अन्याय एकाच जातीचा आहे, हे त्यांनी पुण्यात बसून ओळखलं.

बालमित्रांनो, आता तुमच्यासाठी. कुणी तुमच्या मित्राला 'काळ्या', 'भैया', 'चिंकी' म्हणून चिडवलं, तर हसू नका. "असं म्हणू नकोस," हे तिथल्या तिथे सांगा. मधल्या सुट्टीत त्याला आपल्या घोळक्यात घ्या. आणि चिडवणं थांबलं नाही, तर बाईंना सांगा. ही चहाडी नव्हे, ही मैत्री आहे.

पालकहो, मूल घरी पहिला प्रश्न विचारतं, कारण त्याचा तुमच्यावर विश्वास असतो. तुम्ही उत्तर दिलं नाहीत तर ते गल्लीतून, मोबाइलवरून मिळेलच, आणि ते द्वेषाचं असू शकेल. म्हणून उत्तर तुम्ही द्या, खरं द्या, आणि तसं वागून दाखवा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!