मोडलेलें नीट करणारे हात
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत परलोकवासी मातापित्यांच्या स्मरणदिनीं केलेलें भाषण)



ज्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण होतात, त्याच्या स्मरणिकेंत साहजिकच प्रथम त्या धर्मगुरूंचीं नांवें येतात, ज्यांनीं येथें पहिली मिस्सा अर्पण केली, मंदिराच्या भिंती उभारल्या, शाळा चालविली. तीं येणें योग्यच आहे. परंतु आजचा दिवस महोत्सव-समितीनें परलोकवासी मातापित्यांकरितां राखून ठेविला आहे. म्हणजे ज्यांचें नांव कोणत्याही कोनशिलेवर नाहीं, अशांकरितां. अशा एखाद्या पित्याविषयीं चार शब्द बोलावे, अशी विनंती झाली तेव्हां आम्हांस विचार पडला. दुसऱ्याच्या पित्याचें अंतःकरण आम्हांस काय ठाऊक? ज्यांचें अंतःकरण थोडेंबहुत ठाऊक आहे असे पिते एकच, ते आमचे स्वतःचे. धर्मगुरूनें व्यासपीठावरून आपल्याच बापाची थोरवी गावी, हें कित्येकांस रुचणार नाहीं. त्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, चौथी आज्ञा धर्मगुरूंसही लागू आहे. आणि थोरवी गाण्यास आम्ही उभे नाहींच, तर त्यांच्या मनांत पुष्कळ वर्षें सलत राहिलेला एक प्रश्न तुमच्यापुढें ठेवण्यास उभे आहों.

आमचे बाबा मेकॅनिक होते. हा शब्द आम्ही मुद्दाम तसाच ठेवितों. 'अभियंता' म्हटलें असतें तर ते हंसले असते. संत योसेफास आपण सुतार म्हणतों. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानांत त्याच्या धंद्याकरितां 'तेक्तोन' हा जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ हातानें घडविणारा कारागीर असा व्यापक आहे. आणि ख्रिस्तसभेच्या जुन्या लॅटिन भाषांतरांत त्या ठिकाणीं 'फाबेर' हा शब्द आहे, जो लोहारासही लागतो. दुसऱ्या शतकांतील हुतात्मा संत जस्टिन यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, प्रभु मनुष्यांमध्यें वावरत असतां नांगर आणि जूं तयार करीत असे. तेव्हां तेलकट हातांच्या मनुष्यानें नासरेथच्या त्या कारखान्याशीं आपलें नातें सांगितलें, तर तें कांहीं धाडसाचें होणार नाहीं.

बाबांचा जन्म १९३८ सालीं नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत झाला. ज्या नगरास आतां अहिल्यानगर म्हणतात, तें पूर्वींपासूनच लष्कराचें ठाणें. रस्त्यानें जाणारे रणगाडे पाहत जीं मुलें वाढलीं, त्यांतलेच ते एक. १९५७ सालीं ते सेनेंत भरती झाले, आणि सैनिक ज्यास 'ई.एम.ई.' म्हणतात त्या दुरुस्तीच्या दलांत त्यांची नेमणूक झाली. हें दल दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ सालीं स्थापन झालें. आणि बारा वर्षांनीं, १९५५ मध्यें, पोप पायस बारावे यांनीं १ मे हा दिवस कामकरी संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. हा सण बाबांस फार प्रिय होता.  'कर्म ही धर्म' हें त्या दलाचें ब्रीदवाक्य. आम्ही सेमिनरींत गेल्यावर एकदां त्यांस म्हटलें कीं, नुसत्या कर्मानें तारण होत नाहीं, तें कृपेनें होतें. बाबा म्हणाले, "खरें आहे. पण नट ढिला राहिला, तर कृपा येऊन तो आवळीत नाहीं." या वाक्याचें खंडन आमच्या कोणत्याही प्राध्यापकांनीं केल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

१९६५ च्या सप्टेंबर महिन्यांत सियालकोटच्या रणक्षेत्रांत आपल्या सेनेचे सेंचुरियन रणगाडे लढले. तेथेंच १६ सप्टेंबर रोजीं लेफ्टनंट कर्नल तारापोर यांनीं देह ठेविला आणि त्यांस परमवीरचक्र मिळालें. त्यांचें नांव इतिहासांत आहे आणि तें राहो. परंतु पन्नास टनांहून अधिक वजनाचा तो लोखंडी हत्ती स्वतःच्या बळावर लढत नाहीं. त्याचें बारा सिलिंडरांचें इंजिन लढाऊ विमानाच्या इंजिनापासून घडविलेलें. त्याची पेट्रोलची भूक भागतां भागत नसे. धुळीनें गाळण्या तुंबत, पट्ट्याची एक खीळ तुटली कीं सारें धूड जागच्या जागीं बसे. मग दुरुस्तीचीं माणसें अंधारांत तेथें जात. उजेड करावयाचा नाहीं, घणाचा आवाज शक्य तितका कमी करावयाचा, तुटलेली कडी काढून नवी घालावयाची, आणि पहांटेच्या आंत रणगाडा चालता करून परत यावयाचें. बाबांनीं त्या युद्धांत एकही गोळी झाडली नाहीं. युद्धाहून त्यांनीं एक मात्र आणलें: डाव्या कानाचें बहिरेपण. पुढें पापनिवेदनास गुडघे टेकले म्हणजे ते आपलीं पापें इतक्या मोठ्यानें सांगत कीं, रांगेंतल्या बायका लाजून चार पावलें मागें सरत. शेवटीं आमच्या गांवच्या फादरांनीं त्यांस नेहमीं साक्रिस्तींत बोलावण्याचा परिपाठ ठेविला.

२३ सप्टेंबर रोजीं युद्ध थांबलें; परंतु सैन्यें लागलींच मागें फिरलीं नाहींत. १० जानेवारी १९६६ रोजीं ताश्कंद येथें करार झाला, आणि २५ फेब्रुवारीपर्यंत दोन्हीं सैन्यांनीं आपापल्या पूर्वीच्या जागीं परतावें असें ठरलें. तो सबंध हिवाळा बाबा सीमेपलीकडील एका ओस गांवाजवळ होते. लोक घरें टाकून गेले होते. सियालकोटच्या मुलुखांत पंजाबी ख्रिस्ती लोकांची वस्ती पुष्कळ आहे, हें आम्हांपैकीं थोड्यांस ठाऊक असेल. बाबांसही तें ठाऊक नव्हतें. एका रिकाम्या घराच्या भिंतीवर त्यांस प्रभूच्या पवित्र हृदयाची तसबीर दिसली. अगदीं तीच, जी आमच्या आजीच्या घरांत होती. कांच फुटलेली, पण तसबीर जागेवर होती. ते म्हणत, "मी तेथें उभा राहिलों आणि मला कळेना कीं, मी कोणाच्या घरांत शिरलों आहें."

त्या घरापुढें एक हातपंप होता. तो मोडला होता. आंतलें चामड्याचें वायसर सुकून फाटलें होतें. मागें फिरण्याचा हुकूम आला तेव्हां बाबांनीं आपल्या जुन्या बुटाच्या चामड्याचें गोल वायसर कापिलें, रात्रभर तेलांत भिजविलें आणि सकाळीं पंपांत बसविलें. वरिष्ठांनीं विचारलें, हा पंप आतां कोणासाठीं? बाबांनीं सांगितलें, "साहेब, घरचीं माणसें परत येतील, त्यांना पाणी लागेल." वरिष्ठ कांहीं बोलले नाहींत. पाणी आलें तें पाहून तुकडी निघाली.

पुढें १९७१ चें युद्ध आलें. बाबा त्याच बाजूस, शकरगडच्या मुलुखांत होते, जेथें १६ डिसेंबर रोजीं सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल कामास आले. त्या युद्धाविषयीं बाबा जवळजवळ बोलत नसत. १९७२ सालीं सुटीवर आले तेव्हां महाराष्ट्रांत मोठा दुष्काळ पडलेला. नगर जिल्ह्यांतल्या विहिरी तळाला गेलेल्या, शेतकरी खडी फोडण्याच्या कामावर. १९७४ सालीं सेनेंतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं सडकेच्या कडेस पत्र्याचें छप्पर घालून तेल-इंजिनें आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचें दुकान काढिलें. विहिरीचें इंजिन बंद पडलें म्हणजे शेतकऱ्याचा प्राण कंठाशीं येतो. बाबांच्या दुकानीं आलेलें इंजिन कधीं परत धाडलें गेलें नाहीं. ज्याच्यापाशीं पैसे नसत, त्याचें नांव व रक्कम ते पत्र्यावर खडूनें लिहून ठेवीत. आणि दरवर्षीं पवित्र शनिवारीं संध्याकाळीं ओलें फडकें घेऊन, ज्यांस देणें खरोखरच झेपलें नाहीं त्यांचीं नांवें पुसून टाकीत. आमची आई दारांत उभी राहून म्हणे, "मुलांच्या फिया त्या फडक्यानें भरणार आहांत का?" तिचें म्हणणेंही खोटें नव्हतें; फियांसाठीं तिनें पुष्कळ रात्री शिलाई-यंत्र चालविलें. त्यागाचें श्रेय वाटावयाचें झाल्यास अर्धें तिच्या पदरांत घालणें भाग आहे.

बंधुभगिनींनो, 'जुबिली' हा शब्द आपण हल्लीं सहज वापरतों. तो हिब्रू 'योबेल' शब्दापासून आला. त्याचा अर्थ मेंढ्याचें शिंग. पन्नासाव्या वर्षीं तें शिंग फुंकीत, आणि गहाण पडलेली जमीन मूळ मालकास परत मिळे, दास मोकळे होत. आमच्या बाबांनीं लेवीयाचें पुस्तक वाचलें नव्हतें. पण त्यांची जुबिली वर्षास एकदां येत असे.

आतां तो प्रश्न. १९९४ सालीं नगर येथें रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें. आम्ही तेव्हां सेमिनरींत नीतिशास्त्र शिकत होतों. सुटींत बाबांनीं आम्हांस तें पाहण्यास नेलें. लोक तोफांच्या नळ्यांकडे पाहत होते. बाबा सेंचुरियनच्या मागल्या बाजूस गेले, जेथें इंजिन असतें, आणि त्या लोखंडावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग आमच्याकडे न पाहतां म्हणाले, "बाळा, तूं हें शास्त्र शिकतोस म्हणून विचारतों. मीं कोणाला मारलें नाहीं. पण मीं रात्रीं नीट केलेला रणगाडा सकाळीं पुढें गेला. त्यानें जें केलें, त्यांत माझा वांटा किती?"

आम्हीं त्यांस ख्रिस्तसभेची शिकवण सांगितली. देशाच्या रक्षणाकरितां न्यायानें शस्त्र धरणारा सैनिक शांतीचीच सेवा करितो, असें दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें आधुनिक जगाविषयींच्या आपल्या घोषणापत्रांत म्हटलें आहे. आणि तें घोषणापत्र ७ डिसेंबर १९६५ रोजीं प्रसिद्ध झालें, म्हणजे ज्या हिवाळ्यांत बाबा त्या ओस गांवाजवळ होते, त्याच हिवाळ्यांत. आमचें उत्तर खरें होतें. आजही कोणा सैनिकानें विचारलें तर आम्ही तेंच देऊं. बाबांनीं तें लक्षपूर्वक ऐकलें आणि म्हणाले, "हें बरोबर आहे, आणि मला बरेंही वाटलें. पण तो तसबिरीवाला मेला का जगला, हें पुस्तकांत नाहीं. म्हणून मीं ठरविलें कीं, माझ्या दाराशीं आलेलें मोडकें परत धाडावयाचें नाहीं."

तेव्हां आम्हांस त्या पत्र्याच्या दुकानाचा अर्थ कळला. वीस वर्षें आम्हीं त्यास चरितार्थाचें साधन समजत होतों. तें त्यांचें प्रायश्चित्तही होतें. दोषाचें प्रायश्चित्त नव्हे, कारण दोष नव्हता. परंतु निर्दोष मनुष्याच्या मनांतही दुःख राहतें, आणि त्या दुःखास हाताला काम द्यावें लागतें.

१९६४ च्या डिसेंबरांत पोप पॉल सहावे मुंबईस धर्मपरिषदेकरितां आले होते. तेथून त्यांनीं जगांतील राष्ट्रांस विनविलें कीं, शस्त्रांवर होणाऱ्या खर्चाचा कांहीं भाग तरी गरिबांकरितां काढून ठेवा. बाबा तेव्हां मुंबईंत नव्हते. परंतु पोपमहाशयांनीं आपली मोटार मदर तेरेसांस देऊन टाकिली आणि मदरनीं ती सोडतींत काढून तिचे पैसे कुष्ठरोग्यांच्या सेवेस लाविले, ही हकीकत ते दुकानांत प्रत्येक गिऱ्हाइकास सांगत. "मोटारीचा इतका चांगला उपयोग मीं दुसरा ऐकला नाहीं," असें म्हणत. राष्ट्रांनीं त्या विनवणीचें काय केलें, हें आपण पाहतच आहों. एका मेकॅनिकनें मात्र ती आपल्या परीनें पाळली.

यशया संदेष्ट्यानें तलवारींचे फाळ होतील असें भाकीत केलें. तें वचन आपण दर आगमनकाळांत ऐकतों, आणि तें जणूं आपोआप घडणार आहे अशा समजुतीनें घरीं जातों. पण तलवारीचा फाळ आपोआप होत नाहीं. कोणी तरी भात्यापुढें बसावें लागतें, घण उचलावा लागतो, हात भाजून घ्यावे लागतात. संदेष्ट्यानें त्या लोहाराचें नांव सांगितलें नाहीं. तें तुमच्या-आमच्या मातापित्यांपैकीं कोणाचेंही असूं शकेल.

बाबा २००९ सालीं देवाघरीं गेले. त्यांच्या अंत्यविधीस ज्या शेतकऱ्यांनीं खांदा दिला, त्यांतील पुष्कळ ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कधीं ना कधीं त्या पत्र्यावर लिहिलेलीं व पुसलेलीं होतीं.

या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत आम्ही तुम्हांपाशीं मंदिराच्या रंगाकरितां देणगी मागत नाहीं. ती समिती मागेल. आम्ही इतकेंच मागतों कीं, प्रत्येक घरानें आपल्या दाराशीं पडलेली एक मोडकी गोष्ट शोधावी: भावाभावांतील अबोला, बांधावरून चाललेला तंटा, कोणाचें थकलेलें देणें, आणि जें आपल्या हातानें नीट होण्यासारखें आहे, तें हें वर्ष संपण्यापूर्वीं नीट करावें. परत येणाऱ्यांना पाणी लागेल, एवढेंच मनांत धरावें.

ज्या पित्यापासून स्वर्गांतील आणि पृथ्वीवरील प्रत्येक पितृत्वास नांव मिळालें, तो आपल्या सर्व परलोकवासी मातापित्यांस चिरविश्रांति देवो, कामकरी संत योसेफ त्यांच्याकरितां विनंती करो, आणि त्यांच्या हातांतील हत्यारें आपल्या हातीं येवोत, हीच आमची नम्र प्रार्थना. आमेन.