नकाशा एक, घड्याळं दोन



मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असली की उन्हाळ्यात तिकडे गेलेल्या आईवडिलांसाठी एक बेत हमखास शिजतो. लास व्हेगासला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची आणि झायन, ब्राइस, मॉन्युमेंट व्हॅली, ग्रँड कॅन्यन, सगळं एका दमात उरकायचं. नकाशात ही ठिकाणं शेजारी-शेजारी दिसतात ना!

ग्रँड कॅन्यनचंच बघा. उत्तरेचा काठ ते दक्षिणेचा काठ, पक्ष्याला सरासरी 16 किलोमीटर. गाडीला मात्र सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा वळसा, म्हणजे पाच तास. मधे कोलोरॅडो नदीने दीड किलोमीटरहून खोल दरी कोरून ठेवली आहे. तेव्हा दक्षिणेचा काठ धरा आणि उत्तरेचा मोह सोडा. वेळ कमी पडला तर मी आधी लास व्हेगासचा मुक्काम कापेन, पण ती माझी आवड झाली.

घड्याळाची तर आणखी गंमत. उन्हाळ्यात यूटा राज्य घड्याळं तासभर पुढे सरकवतं, ॲरिझोना सरकवत नाही. पण ॲरिझोनातच पसरलेला नावाहो लोकांचा स्वायत्त प्रदेश पुन्हा सरकवतो! पेज गावालगतचं अँटिलोप कॅन्यन नावाहोंच्या जमिनीवर आहे, तरी तिथल्या सहली ॲरिझोनाच्या वेळेने निघतात. मोबाइल कधी कुठल्या टॉवरची वेळ दाखवेल याचा नेम नाही. आरक्षण करतानाच विचारून घ्या.

या अँटिलोपच्या अरुंद घळीत वाटाड्याशिवाय सोडत नाहीत. ऑगस्ट 1997 मध्ये दूर कुठेतरी झालेल्या पावसाचा लोंढा अचानक आत घुसला आणि 11 पर्यटक दगावले. जुलै ते सप्टेंबर तिथला पावसाळा, त्यालाही मान्सूनच म्हणतात. म्हणून शाळेच्या सुट्टीचं बंधन नसेल तर मे किंवा ऑक्टोबर बरा. स्वेटर मात्र हवाच. ब्राइसचा काठ आपल्या कळसूबाईहून कितीतरी उंच, जवळपास अडीच हजार मीटरवर. भेगांत शिरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं आणि खडक फोडतं. तिथले नारिंगी सुळके त्यातूनच घडले आहेत.

आता आपल्या गडप्रेमींसाठी. सह्याद्रीत आधी चढ असतो. दमलो तर मागे फिरायचं, उतारच असतो. ग्रँड कॅन्यनमध्ये सगळं उलटं. आधी सोपा उतार, आणि दमल्यावर चढ, तोही तापलेल्या दगडांतून. तळाशी काठापेक्षा दहाएक अंश जास्त उकडतं. उतरायला एक तास लागला तर चढायला दोन धरा, आणि उन्हाळ्यात भर दुपारी उतरूच नका.

राहिली मॉन्युमेंट व्हॅली. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तिथे चालत नाही, कारण ते नावाहोंचं उद्यान आहे. दारूलाही बंदी. आतली 17 मैलांची फेरी कच्च्या, खडबडीत रस्त्याने आहे. आपली गाडी त्यात घालण्याआधी भाड्याचा करार वाचा. कच्च्या रस्त्याला त्यात बहुधा मनाई असते. त्यापेक्षा नावाहो वाटाड्याची उघडी जीप घ्यावी. पैसे जास्त जातात, पण एरवी बंद असलेल्या वाटांनी तो आत नेतो आणि गाडी चालवणाऱ्या जावयालाही जरा खिडकीबाहेर बघता येतं.