आजी बारीक झाली आणि मी खूश झाले

कुणी बसमध्ये असाल, कुणी हेडफोन लावून भांडी घासत असाल. आज बोलायचंय वजनावर. पण तुमच्या-माझ्या नाही, आपल्या घरातल्या सत्तरीच्या माणसांच्या वजनावर. आणि सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

माझी आजी, म्हणजे आईची आई, कराडला राहते. वय ७४. आजोबा गेल्यापासून एकटीच. तिचे गुडघे दुखायचे. वजन होतं ६८ किलो, उंची जेमतेम पाच फूट. डॉक्टर म्हणाले, थोडं वजन उतरवा. सल्ला बरोबरच होता. माणसाचं एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो.

पण पुढचं काम मी हातात घेतलं. मी कोण? तर पुण्यात बसून रील्स बघून आहारतज्ज्ञ झालेली नात! फोनवर सांगून टाकलं, "आज्जी, रात्रीचं जेवण बंद. भात बंद. भूक लागली तर ताक पी."

आणि आजीने चक्क ऐकलं. आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही तिने, पण नातीचं ऐकलं. सोमवार आणि चतुर्थीचे उपास होतेच, त्यात ही भर. सात महिन्यांत वजन ६८ वरून ६० वर आलं. व्हिडिओ कॉलवर मी म्हणायचे, "काय गं, हिरॉइन झालीस!" ती लाजायची. घरच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकला, त्यावर अंगठे आणि टाळ्या. सगळे खूश.

आता गंमत बघा. व्हिडिओ कॉलवर फक्त चेहरा दिसतो, पाय दिसत नाहीत. तिने अंगठीला दोरा गुंडाळला होता, कारण ती बोटातून निसटत होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. यातलं काहीच मला दिसलं नाही.

एका दुपारी ती भाजी निवडायला खाली बसली आणि तिला उठताच येईना. पडली नव्हती, काही मोडलं नव्हतं. पायात जोरच नव्हता. फोन वर कपाटावर. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या तोवर तीन तास गेले होते. तीन तास ती जमिनीवर बसून होती. नंतर मला म्हणाली, "अगं, भाजी सगळी निवडून झाली, मग काय करू, परत एकदा निवडली." आम्ही दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मी रडले.

दुसऱ्याच दिवशी कराडला गेले, तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी विचारलं, "आजी, वजन किती दिवसांत उतरलं?" मी मध्येच अभिमानाने म्हणाले, "सात महिन्यांत आठ किलो!" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "यातली चरबी किती आणि स्नायू किती, ते मोजलं का?"

नव्हतं मोजलं. वजनकाट्याला ते कळत नाही. हाडं, पाणी, चरबी, स्नायू, काटा सगळ्यांची एकच बेरीज सांगतो.

म्हातारपणी स्नायू झिजणं याला सार्कोपेनिया म्हणतात. हा शब्द १९८९ मध्ये अमेरिकेतले संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवला. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. म्हणजे आजीचे स्नायू आधीच झिजत होते. त्यात मी तिचं रात्रीचं जेवण काढून घेतलं. नुसतं खाणं कमी केलं, व्यायाम नाही, प्रथिनं नाहीत, की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. आणि म्हातारपणी गेलेले स्नायू सहज परत येत नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग वजन जास्त असलेलंच बरं का? इथे जरा थांबा. ६० किलोवरही आजीचा बीएमआय २६ च्या आसपास आहे. आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त धरतात आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. म्हणजे तक्त्याप्रमाणे आजी अजून लठ्ठच, आणि तरी तिला जमिनीवरून उठता येत नव्हतं. चरबी जास्त आणि स्नायू कमी, दोन्ही एकाच अंगात असू शकतं.

यावर आपल्या पुण्यातलंच एक भारी उदाहरण आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांनी स्वतःचा फोटो आणि हे आकडे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले. आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून चरबीचे असू शकतो. म्हणून "आजोबा बारीक आहेत, त्यांना काय होतंय" हेही चूक, आणि "आजी बारीक झाली, छान झालं" हेही चूक.

दुसरी गोष्ट डॉक्टरांनी सांगितली ती प्रत्येकाने लक्षात ठेवा. सहा ते बारा महिन्यांत, ठरवलं नसताना, वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं तर तपासणी करायचीच. ६० किलोच्या माणसाचे तीन किलो. त्यामागे थायरॉइड, साखर, टीबी, कॅन्सर, उदासपणा, काहीही असू शकतं. कधी कारण साधं असतं: कवळी सैल झालीय, चावता येत नाही. कधी एखाद्या गोळीने भूक मेलेली असते. कधी एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा, मग चहा-बिस्किटावर रात्र काढायची. आजीच्या तपासण्या केल्या. मोठं काही निघालं नाही. निघाली ती नात!

मग केलं काय? रात्रीचं जेवण परत सुरू. तिच्या वजनाच्या माणसाला, म्हणजे ६० किलोला, दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं हवीत. तज्ज्ञ ज्येष्ठांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात. हिशोब केला तर आजीचं पातळ वरण कुठेच पुरत नव्हतं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, कपभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यांत ७. उपासाच्या साबुदाण्यात जवळपास शून्य, तो नुसता स्टार्च. उपास सोडायला मी सांगितलं नाही, माझी हिंमत नाही. पण आता उपासाला दूध, दही, शेंगदाण्याची आमटी असते. आजी अंडं खात नाही, म्हणून वरण घट्ट झालं, मुगाची धिरडी आली, झुणका आला. एक सूचना: घरात कुणाला किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि दुसरं, व्यायाम. "या वयात कसला व्यायाम?" असं म्हणणाऱ्यांसाठी एक किस्सा. १९९० मध्ये बोस्टनमध्ये मारिया फियाटारोनी यांनी वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना पायांसाठी वजनं उचलायला लावली. आठ आठवडे. एकाने मध्येच सोडलं, बाकीच्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आजीला जिम नाही. तिला फिजिओथेरपिस्टने खुर्चीवरून उठ-बस दिली, दिवसातून दोनदा, सुरुवातीला हाताचा आधार घेऊन. भिंतीला हात लावून टाचा वर-खाली. आणि पाण्याच्या छोट्या बाटल्या उचलणं.

आता तुमचं काम. या रविवारी घरी गेलात की दोन गोष्टी करा. एक, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर आजी-आजोबांना बसवा, हात छातीवर, आणि पाच वेळा उठून बसायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांशी बोला. दोन, जपानमधली एक सोपी चाचणी. त्यांनी बसून स्वतःच्या दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी जोडून कडं करायचं आणि पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती घालायचं. कडं सैल बसलं, मध्ये फट राहिली, तर स्नायू कमी असण्याची शक्यता आहे. हे निदान नाही, फक्त इशारा आहे. आणि हो, अंगठीला दोरा आहे का तेही बघा.

मागच्या आठवड्यात आजीचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, "थांब, दाखवते." फोन टेबलावर टेकवला, मागे सरकली, आणि खुर्चीवरून हाताला न टेकता पाच वेळा उठली. मी मोजत होते. तेरा सेकंद. वजन ६२ झालंय, म्हणजे दोन किलो वाढलंय. आणि या वेळी मी खरंच खूश आहे.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आणि काय गं, तू रात्रीची जेवतेस का?"

मंडळी, मी उत्तर दिलं नाही. तुम्ही जेवलात का? जेवा. आणि आजीला फोन करा. भेटू पुढच्या भागात.