मक्याची कात

आम्ही दोघी जावा, थोरली आणि धाकटी, पुन्हा तुमच्या भेटीला आलो आहोत. मागच्या खेपेला हिवाळ्यात मुलांची त्वचा कोरडी पडते त्याबद्दल बोललो होतो. आजही कातडीचाच विषय आहे, पण सापाच्या. हसू नका. इथे इंग्लंडात आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत मुलांनी साप पाळले आहेत. मूल शाळेत गेलं की त्याचं सगळं आपल्याच गळ्यात पडतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आमचं बोलणं इथे कायद्याने पाळता येणाऱ्या, पिंजऱ्यातच जन्मलेल्या सापांबद्दल आहे. भारतात नाग, धामण, अजगर असे आपले साप घरात ठेवणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. गावाकडे घरात साप निघाला तर सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवायचं, पाळायचा नाही.

आमच्यातली थोरली शिराळ्याकडची. लहानपणापासून नागपंचमीला हात जोडलेले, पण सापाला हात लावायचा असतो हे कधी मनातही आलं नव्हतं. तिचा मुलगा बारा वर्षांचा झाला आणि त्याने वाढदिवसाला कॉर्न स्नेक मागितला. हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, केशरी रंगाचा साप. नाव पडलं मक्या. पंधरा-वीस वर्षं जगतो म्हणे. म्हणजे पोरगा लग्नाचा होईल तरी हा घरात आहेच!

आता कात. आपण "त्याने कात टाकली" म्हणतो तेव्हा माणूस नव्याने उभा राहिला असं म्हणायचं असतं. सापाला मात्र हे काम जन्मभर करावं लागतं. वाढतं पिल्लू साधारण महिना-दीड महिन्याने कात टाकतं, मोठा साप वर्षातून काही वेळाच. आधी अंगाचा रंग मळकट होतो. मग डोळे निळसर दुधाळ दिसतात, कारण जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो. तेव्हा त्याला नीट दिसत नाही, तो खात नाही, आणि हात लावलेला आवडत नाही. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. आपल्याला वाटतं, झालं, बरा झाला. पण खरी कात त्यानंतर काही दिवसांनी निघते. तो नाक दगडावर, लाकडावर घासतो, ओठापाशी कातडी सुटते आणि मोजा उलटा करून काढावा तशी अख्खी कात एका तुकड्यात बाहेर येते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, चष्म्याच्या काचेसारखा. तोही कातीबरोबर निघायला हवा.

आमच्याकडे पहिल्या हिवाळ्यात तसं झालं नाही. नोव्हेंबरात घरातली हीटिंग सुरू झाली, मक्याच्या पेटीत वरून दिवा होताच. कात निघाली ती तुकड्यातुकड्यांनी, जुन्या भिंतीचे पोपडे निघावेत तशी. आम्ही दोघींनी मोठे तुकडे वेचले, पेटी झाडली आणि सुटलो म्हणून चहा टाकला. शेपटीच्या टोकाला दोन-तीन कोरडी कडी राहिली होती. ती आम्ही पाहिली आणि सोडून दिली. पुढच्या कातीला पडतील, असं एकमेकींना सांगितलं.

पुढच्या कातीला ती पडली नाहीत. त्यावर आणखी एक थर चढला. बोटात घट्ट अंगठी अडकावी तसं झालं, रक्त पुढे जाईना. पोरानेच एका संध्याकाळी दाखवलं, टोक काळं पडलं होतं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि सांगितलं की टोक मेलेलं आहे, ते जाणार. नखाएवढं टोक गेलं. साप ठीक आहे, पण पोरगा कितीतरी दिवस आमच्याशी नीट बोलत नव्हता. "मी तुम्हाला दाखवलं होतं," एवढंच म्हणाला. त्याने खरंच दाखवलं होतं. आम्ही कामात होतो. म्हणूनच आज हे सांगायला बसलो आहोत.

कात अडकण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे कोरडी हवा. दुकानदाराने आम्हाला दिवा विकला, पण हवेतला ओलावा मोजायचं यंत्र घ्या हे सांगितलं नाही. स्वस्तातलं डिजिटल यंत्र मिळतं, ते आधी घ्या. कॉर्न स्नेकला एरवी 40 ते 50 टक्के ओलावा पुरतो, कातीच्या दिवसांत थोडा जास्त. आमच्या पेटीत तेव्हा तो तिशीच्याही खाली होता. बाकीची कारणं म्हणजे प्यायला कमी पाणी, चुकीचं तापमान, अंग घासायला खडबडीत काही नसणं, जुनी जखम, आजार, किंवा अंगावर पडलेल्या बारीक गोचिडी. डोळ्यांच्या कडेला किंवा पाण्याच्या भांड्यात टाचणीच्या डोक्याएवढे काळे ठिपके दिसले तर डॉक्टरांकडेच जा.

आता आम्ही काय करतो ते ऐका. डोळे दुधाळ झाले की पेटीत एक ओली खोली ठेवतो. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा, साप सहज आत जाईल एवढं भोक पाडायचं, कडा घासून गुळगुळीत करायच्या. आत ओलं करून पिळलेलं शेवाळ, दुकानात स्फॅग्नम मॉस म्हणून मिळतं ते, भरायचं. हाताला दमट लागावं, पाणी गळू नये. मक्या आपणहून आत जाऊन बसतो. पाण्याचं भांडंही एवढं मोठं हवं की त्याला आत वेटोळं घालता यावं. सगळी पेटी मात्र चिंब ठेवायची नाही. सतत ओल राहिली की पोटाखालच्या खवल्यांना फोड येतात, छातीचा आजार होतो. हवा खेळती हवीच.

एवढं करूनही तुकडे राहिले तर कोमट पाण्यात बसवायचं. इथे आपला हात फसवतो. सापाला 28 ते 30 अंशाचं पाणी पुरतं, आणि ते आपल्या हाताला जवळजवळ गारच लागतं. बाळाच्या आंघोळीचं पाणी सापाला जास्त ऊन होतं. म्हणून थर्मामीटर वापरा. पाणी उथळ, त्याच्या अंगाच्या जाडीएवढंही नको. भोकं पाडलेलं झाकण लावून वीस मिनिटं ठेवायचं, आणि शेजारीच बसायचं. फोन आला, दारावर कोणी आलं, तरी उठायचं नाही. मग ओला टॉवेल दोन्ही हातांत सैल धरून त्यातून त्याला सरकू द्यायचं. तो पुढे जाईल, कात मागे राहील. ओढायचं काम त्याचं, आपण फक्त धरायचं. एका दिवसात सगळं निघालं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

सासूबाईंनी साताऱ्याहून फोनवर सांगितलं होतं, "खोबरेल चोळा गं, भराभर सुटेल." तेल लावायचं नाही, मैत्रिणींनो. कातीला पाणी लागतं. कोरडी कात नखाने सोलायची नाही, खालची नवी कातडी फाटते.

आणि डोळ्याला हात लावायचा नाही. शेपटीच्या धसक्याने नंतर एकदा आम्हाला डोळ्यावर जुनी काच राहिल्याचा संशय आला, तेव्हा धाकटीने चिमटा हातात घेतलाच होता. थोरलीने आधी दवाखान्यात फोन लावला. "चिमटा खाली ठेवा," असंच पलीकडून उत्तर आलं. जुनी काच ओढताना खालची खरी काच निघाली तर डोळाच जातो. बऱ्याचदा ओलावा नीट ठेवला की पुढच्या कातीबरोबर ती पडते. नाही पडली तर डॉक्टरांनीच पाहायचं. आमची तशीच पडली.

आता कात निघाली की आम्ही ती ओट्याशेजारच्या टेबलावर नाही, तर जुन्या वर्तमानपत्रावर पसरतो. दोन गोष्टी बघतो, डोळ्यांच्या दोन्ही काचा आहेत का आणि शेपटीचं टोक आहे का. कात सापापेक्षा लांब भरते, ताणली जाते म्हणून, तेव्हा घाबरू नका. मग साबणाने हात धुवायचे, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. घरात लहान बाळ असेल तर जास्तच सांभाळा.

बघण्याचं काम पोराचं. तो कात उजेडात धरतो, बोटाने मोजतो आणि ओरडतो, "दोन डोळे, एक शेपूट!" मग आम्ही दोघी हातातलं काम ठेवून बघायला जातो. पहिल्या वेळी गेलो नव्हतो, आता दर वेळी जातो.

तुमच्या घरात असा कोणी पाहुणा असेल तर आज संध्याकाळी त्याच्या शेपटीचं टोक एकदा बघा. पुन्हा भेटूच. नमस्कार.